निजामाला आमचा विरोधच, पण मेलेल्यांचा हिशेब का नको?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि त्याच दिवशी मोबाईलवर दोन प्रकारचे मजकूर फिरू लागतात. एक म्हणतो, हैदराबादच्या 'पोलीस अ‍ॅक्शन'मध्ये दोन लाख मुसलमान मारले गेले. दुसरा म्हणतो, तसे काहीच झाले नाही, ही सगळी रझाकारांच्या वारसांची बोंब आहे. आपली तरुण मुले दोन्ही मजकूर पुढे ढकलतात. आमचे म्हणणे असे की, आंबेडकरी कार्यकर्त्याने यातला कोणताही मजकूर तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. आणि तपासल्यावर जे सापडेल त्याबद्दल गप्पही बसू नये.

आधी निजामाविषयी बोलू, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही. निजामाची राजवट ही सरंजामी राजवट होती. वेठबिगारी, जहागिरी, देशमुखी यांच्या वरवंट्याखाली सगळ्यात जास्त भरडला गेला तो गावकुसाबाहेरचा माणूस. १९४८ साली कासीम रिझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, खंडण्या वसूल केल्या, माणसे मारली. बीदर जिल्ह्यातील गोरटा आणि तेलंगणातील बैरानपल्ली येथील हत्याकांडे प्रसिद्ध आहेत. विलीनीकरणाची बाजू घेणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात हत्या झाली. तो मुसलमान होता, हे 'हिंदू विरुद्ध मुसलमान' एवढाच चष्मा लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांची भूमिकाही स्वच्छ होती. काही दलित पुढारी निजामाच्या बाजूला गेले असताना नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले की, कोणत्याही परिस्थितीत निजामाची आणि इत्तेहादची साथ करू नका. हिंदूंनी आपल्यावर कितीही जुलूम केले तरी आपली चळवळ स्वातंत्र्याची आहे, ती हुकूमशहाच्या मागे जाऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा पुढे आम्ही जे मांडणार आहोत त्याला 'निजामाची वकिली' म्हणून कोणी झटकू नये. राजवटीला विरोध करणे ही एक गोष्ट. त्या राजवटीच्या निःशस्त्र प्रजेला मारणे ही दुसरी.

१७ सप्टेंबरनंतर काय घडले?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. लढाई संपली, पण खेड्यापाड्यांत माणसे मरायची थांबली नाहीत. मारले जाणारे बहुतेक सामान्य मुसलमान होते. या बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्या आणि पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने एक सद्भावना मंडळ पाठवण्यात आले. त्यात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते.

हे मंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्हे, ७ जिल्ह्यांची ठिकाणे, २१ शहरे आणि २३ महत्त्वाची गावे त्यांनी पाहिली. याशिवाय आणखी १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांच्या जबान्या ऐकल्या. त्यांचा निष्कर्ष असा की, अत्यंत सावधपणे धरले तरी पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आजचा धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना बसली. तिथे मृतांची संख्या १८ हजारांच्या घरात होती. कासीम रिझवी जिथे वकिली करायचा, त्या लातूर शहरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार सापडले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते. मृतदेहांनी भरलेल्या विहिरी मंडळाच्या सदस्यांनी स्वतः पाहिल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा मृतदेह मोजले. त्यात अंगावर लेकरू असलेली एक आई होती.

मारणारे कोण? अहवाल सांगतो : रझाकारांच्या छळाचा सूड घेणारे स्थानिक लोक, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या इतर शहरांतून घुसलेल्या सशस्त्र टोळ्या आणि काही ठिकाणी लूटमारीत व इतर गुन्ह्यांत सामील झालेले लष्कराचे व पोलिसांचे लोक. पण हाच अहवाल शिस्तीने व कर्तव्यबुद्धीने वागलेल्या लष्करी अधिकाऱ्यांचीही नोंद करतो. हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून, काही ठिकाणी गमावूनही, मुसलमान विणकरांना वाचवले, हेही तो सांगतो. एकाच मागावर पोट असलेल्या माणसांनी धर्मापेक्षा शेजार मोठा मानला. आम्हाला हा इतिहास शाळेत का शिकवला गेला नाही?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप सरदार पटेलांचाच होता : अहवाल एकतर्फी आहे, रझाकारांच्या अत्याचारांकडे तो पुरेसे पाहत नाही आणि अशी चौकशी हे या मंडळाचे कामच नव्हते. रझाकारांचे गुन्हे भयंकर होते, हे आम्ही वर लिहिलेच आहे. पण गुन्हेगाराच्या धर्माच्या दुसऱ्या माणसाला मारणे म्हणजे शिक्षा नव्हे. जातीच्या एका माणसावर राग धरून सगळी वस्ती पेटवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७८ साली याच मराठवाड्यात नामांतराच्या नावाने आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा तर्क हाच होता.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. २७ ते ४० हजार हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. मंडळाला न्यायालयाचे अधिकार नव्हते. साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही, मृतांची नावनिशीवार यादी झाली नाही. म्हणून हा आकडा दगडावरची रेघ म्हणून फेकू नका आणि दोन लाखांचा आकडा तर आधाराशिवाय मुळीच सांगू नका. फुगवलेला आकडा खऱ्या मृतांचेच नुकसान करतो, कारण तो खोटा ठरला की त्याच्यासोबत खरेही खोटे ठरवले जाते. परंतु अंदाजावर शंका असेल तर उपाय एकच होता : न्यायालयीन चौकशी. ती झाली नाही. उलट अहवालच दडपला गेला. तो संपूर्ण वाचायला मिळण्यासाठी ए. जी. नूराणी यांचे २०१३ चे पुस्तक यावे लागले. मोजणी होऊ द्यायची नाही आणि मग 'आकडा सिद्ध कुठे आहे' असे विचारायचे, ही चलाखी दलित अत्याचारात आपण रोज पाहतो. एफआयआर नोंदवायचा नाही आणि मग गुन्हेच घडत नाहीत म्हणायचे!

तिसरा आक्षेप : युद्धात असे होतेच. पण सरकारने तर याला युद्ध म्हटलेच नाही, 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटले. ठीक आहे. पोलिसांचे काम काय? प्रत्येक जिवाचे रक्षण आणि प्रत्येक प्रेताचा पंचनामा. युद्ध म्हणा, तर निःशस्त्र नागरिकाला हात लावायचा नाही हा युद्धाचाही नियम आहे. नाव कोणतेही द्या, जबाबदारी सुटत नाही.

हिशेब कोणाचा झाला?

पुढे काय झाले ते पाहा. २६ जानेवारी १९५० रोजी ज्याच्या राजवटीविरुद्ध हे सगळे झाले तो निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. त्याचा तनखा सुरू राहिला. कासीम रिझवीवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. राजाला सन्मान मिळाला, पुढाऱ्याला न्यायालय मिळाले. विहिरीत पडलेल्या त्या आईला काय मिळाले? वरच्यांचा समझोता आणि खालच्यांचे मरण, हे या देशाचे जुने गणित आहे.

आणि तारखा पाहा. सुंदरलाल मंडळ गावोगाव फिरत होते त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच डिसेंबरच्या ६ आणि १३ तारखेला दिल्लीत संविधान सभा जीविताच्या हक्काच्या कलमावर चर्चा करत होती. तेच आजचे कलम २१. त्यात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीखेरीज कोणत्याही व्यक्तीचा जीव घेता येणार नाही. व्यक्ती म्हणजे आपला, परका, जिंकलेला, हरलेला, सगळेच आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी बहुसंख्याकांना स्पष्ट सांगितले होते की, अल्पसंख्याकांशी भेदभाव न करणे हे तुमचे कर्तव्य आहे.

म्हणून मित्रांनो, येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना अभिवादन जरूर करा. गोरटा आणि बैरानपल्लीची नावे घ्या, शोएबुल्ला खानचे नाव घ्या आणि लातूरच्या त्या हजार जणांचीही आठवण करा. आपापल्या गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांकडे बसा, कोण मेले, कोणी मारले, कोणी वाचवले ते विचारा, नावासह लिहून ठेवा. ती माणसे आता फार दिवस राहणार नाहीत. नामांतराच्या लढ्यातील पोचीराम कांबळे यांचे नाव आपण दरवर्षी घेतो म्हणून त्यांचे मरण कोणाला नाकारता येत नाही. ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांचे मरण सहज नाकारले जाते.

आपल्या मृतांसाठी जे माप आपण मागतो, तेच दुसऱ्याच्या मृतांनाही लावले तरच ते मानवी हक्काचे माप. नाहीतर ती नुसती आपल्या टोळीची बाजू.

जय भीम! जय संविधान!