मेंदूची ओळख : रचना, कार्य आणि घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

मेंदू हा आपल्या हालचाली, संवेदना, विचार, भाषा, स्मृती आणि भावना यांचे नियंत्रण करणारा अवयव आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. मात्र शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के ऑक्सिजन तो एकटाच वापरतो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात.

मेंदूच्या प्रत्येक भागाकडे ठरावीक कामे असतात. कोणता भाग काय करतो याची तोंडओळख असली, तर घरात कोणाला अचानक त्रास झाल्यास तो मेंदूचा आहे हे चटकन ओळखता येते. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

आवरणे आणि रक्तपुरवठा

कवटीच्या आत मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांतील आतल्या दोन आवरणांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मेंदू या द्रवात जणू तरंगत असतो, त्यामुळे लहानसहान धक्के त्याला लागत नाहीत.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या चार आहेत : दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने आणि दोन मानेच्या मणक्यांमधून वर जातात. मेंदूत इंधनाचा साठा जवळजवळ नसतोच. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना होत नाही. डोके दुखते तेव्हा दुखतात ती आवरणे, रक्तवाहिन्या किंवा स्नायू. म्हणूनच मेंदूचा एखादा भाग बंद पडत असतानाही माणूस ‘मला काही दुखत नाही’ असे म्हणू शकतो.

मोठा मेंदू (प्रमस्तिष्क)

मेंदूचा सर्वांत मोठा, अक्रोडासारखा वळ्या असलेला भाग म्हणजे मोठा मेंदू. त्याचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध असतात. शरीराकडे जाणारे बहुतेक चेतातंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडतात, म्हणून डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा गोलार्ध डावी. प्रत्येक गोलार्धाचे चार मुख्य खंड आहेत.

- कपाळामागचा खंड : नियोजन, निर्णय, स्वतःवरचा ताबा आणि ऐच्छिक हालचाली.
- टाळूकडचा खंड : स्पर्श, वेदना, उष्णता आणि आपले हातपाय कुठे आहेत याची जाण.
- कानाजवळचा खंड : ऐकणे, बोललेले समजणे आणि आठवणी.
- डोक्यामागचा खंड : दृष्टी. डोळे पुढे असले तरी पाहिलेल्याचा अर्थ लागतो तो मागे. डोक्याच्या मागे जोराचा मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते यामुळेच.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. दिवसभरात मेंदूचे सगळेच भाग कामाला येतात.

भाषेची केंद्रे

१८६१ साली पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला बोललेले समजत असे, पण तोंडून ‘टॅन’ याच्या पलीकडे फारसे काही निघत नसे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धात कपाळामागच्या खंडाला इजा झालेली दिसली. बोलण्याचे ते केंद्र आज ब्रोका यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी भाषा समजण्याशी संबंधित भाग डाव्या कानाजवळच्या खंडात दाखवला. तिथे इजा झाली तर माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो. अशा वेळी ‘आजोबा वेड्यासारखे बरळताहेत’ असे समजून घरचे थांबून राहतात आणि वेळ जातो.

स्मृती आणि भावना

कानाजवळच्या खंडाच्या आतल्या बाजूस हिपोकॅम्पस नावाचा छोटा भाग आहे. नव्या घटना स्मरणात साठवण्याचे काम त्याचे. अल्झायमर या आजारात तो लवकर बाधित होतो, म्हणून रुग्णाला लहानपणीचे गाव आठवते पण सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही. त्याच्या शेजारचा अमिग्डाला भीती आणि तिच्याशी जोडलेल्या भावना हाताळतो.

लहान मेंदू आणि मेंदूचा देठ

डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू (अनुमस्तिष्क) असतो. वजनाने तो एकूण मेंदूच्या दहाएक टक्के असला तरी मेंदूतील बहुसंख्य चेतापेशी त्यातच असतात. तोल सांभाळणे आणि हालचाली सुबक करणे हे त्याचे काम. सुईत दोरा ओवणे, सायकल चालवणे, पेटीवर बोटे सफाईने फिरणे हे सारे त्याच्यामुळे जमते.

मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग म्हणजे मेंदूचा देठ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे आणि जागेपणा यांचे नियंत्रण इथून होते. इथली छोटी इजाही जिवावर बेतू शकते.

‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे काय?

अर्धांगवायूला आपल्याकडे ‘अंगावरून वारे जाणे’ किंवा ‘लकवा’ म्हणतात. यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. तेल चोळण्यात किंवा ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. पुढील खुणा पाहाव्यात :

१. चेहरा : हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
२. हात : दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली घसरतो का?
३. बोलणे : साधे वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात किंवा असंबद्ध येतात का?

अचानक दिसेनासे होणे, तोल जाणे किंवा कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, याही धोक्याच्या खुणा आहेत. यांपैकी एकही खूण अचानक दिसली तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडाने पाणी, अन्न किंवा ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरू शकते. खुणा थोड्या वेळात आपोआप गेल्या तरी त्याच दिवशी तपासणी हवीच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आपल्या घरांतल्या दोन-तीन भाषा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी आणि बाहेर गुजराती, कन्नड, हिंदी, तेलुगू किंवा कोकणी चालते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील संशोधकांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले. इतरत्र झालेल्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, तरी नातवंडांशी मराठीत बोलत राहण्यात तोटा नक्कीच नाही.

व्यवहाराची गोष्ट अशी की, झटक्यानंतर रुग्णाच्या सगळ्या भाषा सारख्या प्रमाणात परत येतातच असे नाही. डॉक्टर कन्नड किंवा गुजरातीत विचारत असतील आणि आजी गप्प असेल, तर ‘हिची मातृभाषा मराठी आहे, मराठीत विचारून पाहू का?’ असे जरूर सांगा. वाचा-उपचार करणाऱ्यांनाही घरात कोणती भाषा बोलली जाते हे आधीच कळवा.

मेंदूच्या रक्षणाची सुरुवात रक्तदाबापासून होते. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे आणि दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट घालणे, या साध्या सवयी सर्वांत उपयोगी आहेत. आपल्या घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होते, हे आजच विचारून ठेवा आणि तो फोन नंबर घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी लावा.