#थ्रेड : बर्नली ते परळ, एका चुकलेल्या ठोक्याचा इतिहास

माझी आजी लवळ्याची. लग्नानंतर ती परळच्या चाळीत गेली आणि उतारवयात पुन्हा मुळशीत परतली. तिच्या डाव्या स्तनाखालून पाठीकडे वळत गेलेला एक लांब व्रण होता. तो व्रण वाचायचा तर आधी इंग्लंडमधील बर्नली या गावी जावे लागते.

बर्नली म्हणजे लँकेशायरमधील कापडगिरण्यांचे गाव. १८७९पासून जेम्स मॅकेंझी तेथे डॉक्टरकी करीत होते. नाडी अनियमित चालते हे जगभरच्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते. पण चूक हृदयाच्या कोणत्या भागात होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मॅकेंझी मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेची स्पंदने एकाच वेळी कागदावर रेखाटून घेत.

त्यांच्या रुग्णांपैकी एकाची मिट्रल झडप अरुंद झालेली होती. मॅकेंझी त्याला वर्षानुवर्षे तपासत राहिले. १८९०च्या दशकात एके दिवशी त्याची नाडी अनियमित झाली आणि त्याच वेळी मानेतील एक लहर नाहीशी झाली. ती लहर हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या आकुंचनाने उमटत असे. तो कप्पा लुळा पडला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष अर्धा बरोबर होता. कप्पा लुळा नव्हता, नुसताच थरथरत होता. १९०९मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी आइंटहोव्हेन यांच्या यंत्रावर, म्हणजे आजच्या ईसीजीच्या पूर्वजावर, हे दाखवून दिले. (मोठ्या प्रयोगशाळेआधी गावातल्या डॉक्टरची चिकाटी कामी आली, याचे मला फार अप्रूप वाटते.)

झडप अरुंद झाली की रक्त मागे तुंबते. वरचा डावा कप्पा ताणून फुगतो, त्याच्या स्नायूंत व्रण धरतात आणि विजेचे संकेत सैरभैर होतात. साचलेल्या रक्तात गुठळी होते. ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात.

ही झडप बहुधा बिघडते ती बालपणीच्या घसादुखीमागून येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने. एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात तेथे हा ताप फोफावतो. म्हणूनच बर्नलीतून परळला येणे ही मोठी उडी नव्हे. वऱ्हाडचा कापूस लँकेशायरला गेला, पुढे गिरण्या मुंबईतच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागोमाग गिरणी कामगारांच्या दाटीच्या चाळी. त्याच परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले.

१९२५मध्ये लंडनच्या हेन्री सॉटर यांनी हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी केली होती. रुग्ण वाचली, तरी त्यांच्याकडे पुन्हा कोणी रुग्ण पाठवला नाही! १९४८मध्ये अमेरिकेत ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. १९५०च्या दशकात केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे पथक ती करू लागले. हृदय न थांबवता, डाव्या फासळ्यांमधून, केवळ स्पर्शाच्या आधारे. पाश्चात्त्य देशांत मध्यमवयात दिसणारा हा आजार भारतात विशीच्या आतच गंभीर होतो, हे दिल्लीच्या सुजय रॉय यांनी १९६३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

आजीचा व्रण याच शस्त्रक्रियेचा, सत्तरच्या दशकातला. झडप मोकळी झाली. ताणलेला कप्पा मात्र पूर्ववत झाला नाही. काही वर्षांनी ठोके चुकू लागले. लवळ्यात परतल्यावरही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालूच होती, आणि तिचे प्रमाण ठरवण्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायला एसटीने पुण्याला जाणेही.