चामड्याने मढवलेले अडसर

मनोरुग्णालयांच्या इतिहासाचा धांडोळा घेणारे बहुधा साखळदंडांची आणि अंधारकोठड्यांचीच दप्तरे उघडतात. त्या भिंतींआड रोग्याच्या कानांवर काय आदळत होते, याची चौकशी मात्र फार थोड्यांनी केली. ज्या विकारात मन कधी उन्मादाच्या शिखरावर चढते, तर कधी अवसादाच्या तळाशी जाऊन बसते, आणि ज्याला आज द्विध्रुवीय विकार म्हणतात, तो भोगणाऱ्यांपैकी कितीतरी जण सांगतात की पडलेल्या भांड्याचा खणखणाट, शेजारच्या खोलीतले बोलणे, दाराची कडी, असे इतरांच्या लेखी क्षुल्लक असणारे आवाज त्यांना शरीरावर घाव बसावा तसे लागतात. ही वेदना नवी नाही. तिची दखल घेण्याची बुद्धी मात्र क्वचितच कोणाला झाली.

लंडनच्या बेथलेम रुग्णालयाची मूरफील्ड्स येथील इमारत १६७६ साली रॉबर्ट हूकच्या आराखड्यानुसार उभी राहिली. बाहेरून राजवाड्यासारखी दिसणारी ही वास्तू आतून म्हणजे लांबच लांब दालने आणि त्यांच्या कडेने कोठड्यांची रांग. त्यामुळे एकाचा आक्रोश सर्वांच्या वाट्याला येई, आणि त्यात १७७० पर्यंत तमाशा पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांच्या गलक्याची भर पडे.

याच इंग्लंडात, यॉर्क शहरी, १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथीय स्त्री तेथील वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या स्वधर्मीयांना तिची भेट घेण्याची मुभाही मिळाली नव्हती. त्या घटनेने व्यथित झालेल्या विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे आश्रयस्थान उघडले. त्याचा नातू सॅम्युएल ट्यूक याने १८१३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णनामुळे तेथील कारभार आपणांस बारकाईने पाहता येतो. खिडक्यांचे लोखंडी गज लाकडी चौकटीसारखे दिसतील अशी तजवीज तेथे होती. आणि दारे बंद करताना रोग्याच्या कानी कर्कश खडखडाट पडू नये म्हणून अडसरांना चामड्याचे आवरण घातलेले होते. ज्यांच्या उपासनेत माणसे एकत्र जमून निःशब्द बसतात, त्या पंथाच्या लोकांना ही गोष्ट सुचावी, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. बंदोबस्त कायम ठेवून त्याचा आवाज तेवढा काढून घेणे, हे वरवर पाहता किरकोळ काम. पण रोग्यालाही कान असतात हे ओळखल्यावाचून ते हातून होत नाही.

सॅम्युएल ट्यूकच्या याच ग्रंथात एका धिप्पाड पुरुषाची हकीकत आहे. त्याला पूर्वी अनेकदा झटके येऊन गेले होते, आणि या खेपेस तो इतका अखंड जखडलेला होता की बेड्या न काढता कपडे उतरवता यावेत म्हणून ते नाड्यांनी बांधण्याजोगे शिवलेले होते. रिट्रीटमध्ये त्याच्या बेड्या काढल्या, व्यवस्थापकांच्या पंक्तीला त्याला जेवू घातले. तो आरडाओरडा करू लागला की व्यवस्थापक त्याच्या खोलीत जाऊन जवळ शांतपणे बसत. प्रथम त्याचा क्षोभ वाढे, मग ओसरे, आणि मग तो त्यांचे बोलणे ऐकू लागे. सुमारे चार महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला. त्याच्या आजाराला आजचे नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु झटक्यांची ती पुनरावृत्ती वाचताना द्विध्रुवीय विकाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढचे शतक मात्र अवाढव्य इमारतींचे ठरले. १८५४ साली फिलाडेल्फियाच्या थॉमस कर्कब्राइड या डॉक्टरने मनोरुग्णालयांच्या वास्तुरचनेविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या योजनेत सर्वांत गोंगाट करणारे रोगी इमारतीच्या पंखांच्या पार टोकाला ठेवले जात. हेतू चांगला होता. इतरांना खरोखरच शांतता लाभली. पण जो ओरडतो त्याला ओरडणाऱ्यांतच ठेवायचे, या वाटणीत रोगी आवाज करणारा एवढाच गणला गेला, ऐकणारा म्हणून त्याची गणतीच झाली नाही. त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्जे या डॉक्टरांनी उन्माद व अवसाद हे एकाच व्याधीचे फेरे असल्याचे मांडले. पुढे १८९९ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने या दोन्ही अवस्थांना एका नावाखाली आणले आणि उन्मत्ताचे चित्त बाहेरच्या क्षुल्लक गोष्टीनेही खेचले जाते, हे लक्षण नोंदले. आपल्याकडे वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या १८५८ च्या कायद्याचा भर दाखला, ताबा आणि खर्च यांवर होता. त्याच अमदानीत रत्नागिरी आणि ठाण्याची इस्पितळे उभी राहिली.

शास्त्राने कानाची साक्ष घेतली ती फार उशिरा. अमेरिकेतील डेन्व्हरच्या संशोधकांनी १९८३ साली उन्मादावस्थेतील रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिकटिक ऐकवल्या असता निरोगी मेंदू दुसरीला पहिलीपेक्षा बराच क्षीण प्रतिसाद देतो. या रुग्णांत दुसरीही जवळजवळ तितक्याच जोराने उमटत होती. आवेग ओसरलेल्यांत हा दोष तसा आढळला नाही. म्हणजे ज्या दिवसांत आवाज अडवणारे मेंदूचे दार सर्वांत सताड उघडे असते, नेमक्या त्याच दिवसांत रोग्याला सर्वांत गोंगाटाच्या दालनात ठेवण्याची वहिवाट आपण दीड शतक चालवली.