वाल्या कोळी

वाल्या कोळी ही रामायणाचा कर्ता मानल्या जाणाऱ्या वाल्मीकी ऋषींच्या पूर्वायुष्यासंबंधी मराठीत रूढ असलेली आख्यायिका आहे. वाटमारी करून कुटुंब पोसणारा एक माणूस नामजपाने ऋषिपदाला कसा पोचला, हा तिचा विषय. पापी माणसाच्या आमूलाग्र पालटाला मराठीत ‘वाल्याचा वाल्मीकी होणे’ असे म्हणतात. वाल्मीकी रामायणात मात्र ही कथा नाही.

कथा

वाल्या रानात दबा धरून बसे व येणाऱ्याजाणाऱ्याला मारून लुटत असे. प्रत्येक हत्येमागे एक खडा तो रांजणात टाकी. असे सात रांजण भरले, असे लोककथा सांगते. एके दिवशी त्याने नारदमुनींना अडवले. नारदांनी त्याला विचारले, की ज्यांच्यासाठी तू हे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला. बायकामुलांनी उत्तर दिले, की आम्हांला पोसणे हे तुझे कर्तव्य आहे, ते तू कसे पार पाडतोस याच्याशी आमचा संबंध नाही. हताश होऊन परतलेल्या वाल्याला नारदांनी रामनामाचा उपदेश केला. त्याच्या जिभेला ते नाम वळेना, म्हणून त्याने ‘मरा, मरा’ असा जप केला. जप करता करता अंगावर वारूळ चढले. वारुळाला संस्कृतात वल्मीक म्हणतात. त्यातून बाहेर आला तो वाल्मीकी.

कथेतला चमत्कार जपाचा असला, तरी तिची कळ घरच्यांच्या उत्तरात आहे. वाल्याला कोणी शिक्षा करत नाही, शापही देत नाही. आपल्या कृत्यांचे जे समर्थन त्याने मनाशी बाळगले होते, तेच नाहीसे होते. कीर्तनकार याच प्रसंगावर सर्वाधिक वेळ खर्च करतात, ते यामुळेच.

प्राचीन ग्रंथांतील वाल्मीकी

वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात परिवर्तनाचा एक प्रसंग आहे, पण तो निराळा. व्याधाने क्रौंच पक्ष्याच्या जोडीतील नराला मारलेले पाहून वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तेथे हत्या करणारा दुसरा असून वाल्मीकी तिचे साक्षी आहेत. उत्तरकांडात सीतेच्या शुद्धतेची ग्वाही देताना ते स्वतःला प्रचेतसाचा दहावा पुत्र म्हणवतात आणि आपण मनाने, वाचेने वा कृतीने कधीही पाप केले नसल्याचे सांगतात. दरोडेखोराच्या कथेशी हे विधान उघडपणे विसंगत आहे.

महाभारताच्या अनुशासनपर्वात वाल्मीकींवर आलेल्या ब्रह्महत्येच्या आरोपाचा आणि शिवाच्या कृपेने झालेल्या मुक्तीचा उल्लेख आहे. पण तेथे आरोपाचे कारण यज्ञकर्त्या ऋषींशी झालेला वाद हे आहे, वाटमारी नव्हे. अंगावर वारूळ चढण्याचा प्रसंग महाभारतात च्यवन ऋषींच्या नावे येतो. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त च्यवन आणि वाल्मीकी यांची नावे एकाच श्लोकात येतात. दोन ऋषींच्या कथा पुढे एकमेकींत मिसळल्या असाव्यात, या तर्काला त्यामुळे आधार मिळतो.

कथेची निरनिराळी रूपे

स्कंदपुराणाच्या वेगवेगळ्या खंडांत ही कथा वेगवेगळ्या नावांनी येते. आवंत्यखंडात नायकाचे नाव अग्निशर्मा, नागरखंडात लोहजंघ, तर प्रभासखंडात वैशाख असे आहे. अध्यात्मरामायणाच्या अयोध्याकांडात वाल्मीकी स्वतःच रामाला आपली हकीकत सांगतात. तेथे प्रश्न विचारणारे नारद नसून सप्तर्षी आहेत, आणि उलट्या अक्षरांचा जपही त्यांनीच सांगितलेला आहे. कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात दरोडेखोराचे नाव रत्नाकर असून तो च्यवनाचा पुत्र आहे. त्याला ब्रह्मदेव आणि नारद भेटतात.

‘मरा’ या जपाचा अर्थ भाषेनुसार पालटतो. संस्कृतात ती केवळ उलटवलेली अक्षरे ठरतात. बंगालीत ‘मेलेला’ या अर्थाच्या शब्दावरून जप सुरू होतो. मराठीत ‘मरा’ हे सरळ आज्ञार्थी रूप आहे, आणि आयुष्यभर इतरांना मारणाऱ्याच्या तोंडी ते ऐकताना श्रोत्याच्या अंगावर शहारा येतो. मराठीत ही कथा विशेष रुजली, त्यात या योगायोगाचाही वाटा असावा.

मराठी परंपरा

श्रीधरस्वामींच्या ‘रामविजय’ (१७०३) या ग्रंथात वाल्मीकींची पूर्वकथा येते. चातुर्मासात घरोघरी व देवळांत होणाऱ्या पोथीवाचनामुळे ती अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोचली. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील वाल्हे हे गाव वाल्मीकींशी जोडले जाते. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा जेजुरीनंतरचा मुक्काम येथे असतो.

संत नामदेवही पूर्वायुष्यात वाटमारे होते, अशी एक आख्यायिका आहे. तिला आधार असलेला अभंग उत्तरकालीन असल्याचे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. भक्ताचे आधीचे आयुष्य जितके काळे, तितके नामाचे सामर्थ्य उजळ दिसते. वाल्याच्या कथेचा साचा येथे पुन्हा वापरला गेला असणे शक्य आहे.

पाली वाङ्मयातील अंगुलिमालाची कथा वरवर अशीच आहे. मज्झिमनिकायातील त्याच्या नावाच्या सुत्तानुसार बुद्धांच्या भेटीनंतर तो भिक्षू होतो आणि पसेनदी राजा त्याला अभय देतो. मात्र भिक्षेसाठी नगरात गेल्यावर लोकांच्या दगडकाठ्यांनी त्याचे डोके फुटते. लुटल्या गेलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न वाल्याच्या कथेत कोणीच विचारत नाही. येथे तो दगडांच्या रूपाने समोर येतो.

जात आणि आक्षेप

संस्कृत कथांमध्ये नायक बहुधा जन्माने ब्राह्मण असून किरातांच्या संगतीने तो बिघडतो. अध्यात्मरामायणातही असेच आहे. ‘कोळी’ हे विशेषण मराठी लोकपरंपरेतील. ब्राह्मणाने आपले मूळ पद परत मिळवणे आणि कोळ्याने ऋषिपदाला पोचणे, या सामाजिक दृष्ट्या दोन वेगळ्या कथा आहेत. कोळी समाजात वाल्मीकींना पूर्वज मानण्याची परंपरा असून आश्विन पौर्णिमेला त्यांची जयंती साजरी होते. त्याच वेळी एका जमातीचे नाव चोरीशी कायमचे जोडले जाते, याची खंतही आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, तरी शिक्का सहज पुसला गेला नाही.

उत्तर भारतातील, विशेषतः पंजाबातील वाल्मीकी समाज वाल्मीकींना भगवान मानतो आणि दरोडेखोराची कथा पूर्णतः नाकारतो. ब्रिटनमधील एका पंजाबी रेडिओ कार्यक्रमात ही कथा सांगितली गेल्यावर २००० च्या सुमारास तेथील समाजाने तीव्र आक्षेप घेतला. त्यातून ज्यूलिया लेस्ली यांनी मूळ ग्रंथांचा शोध घेऊन २००३ मध्ये वाल्मीकींवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाला आशा देणारी कथा दुसऱ्याला अपमान वाटते, हे मराठी वाचकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

आधुनिक काळात

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘वाल्मीकिप्रतिभा’ (१८८१) या गीतिनाट्यात नामजप जवळजवळ गौण ठरतो. बळी देण्यासाठी आणलेल्या मुलीविषयी वाटणाऱ्या करुणेने दरोडेखोर बदलतो आणि सरस्वती त्याला कवित्व देते. महाराष्ट्रात हा वाक्प्रचार अलीकडे राजकारणात, पक्ष बदलणाऱ्या नेत्यांसंबंधी, उपहासाने अधिक ऐकू येतो.

कथेमागील विचाराचा एक प्रत्यक्ष प्रयोग औंध संस्थानात झाला. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन करण्यात आली. भवानराव पंतप्रतिनिधी तेव्हा संस्थानाधिपती होते. मॉरिस फ्रीडमन यांचा या कामी पुढाकार होता. या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट काढला. त्याची कथा-पटकथा याच परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची होती, त्यांचे ‘गीतरामायण’ आकाशवाणीवर त्याआधी वर्षभर गाजत होते. चित्रपटातले सहा कैदी एकटेच आहेत. स्वतंत्रपुरात मात्र कैद्यांना शेती करत आपल्या बायकामुलांसह राहता येते.