४२.३४ मीटर

हॅम रेडिओच्या क्लबात दाखल होऊन मला आता वर्ष होत आलं. ऑफिसात कुणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "खिशात मोबाईल असताना हे कशाला?" तांत्रिक उत्तर सोपं आहे: मोबाईलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, वगैरे. पण मला खरं पटलेलं उत्तर इतिहासात सापडलं, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे. म्हणून या शनिवारचा हा उद्योग.

आधी थोडक्यात ओळख. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाले. सरकारी परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन मिळतं. आपल्याकडची कॉलसाइन्स सहसा 'व्हीयू'ने सुरू होतात. (राजीव गांधी व्हीयू२आरजी होते, हे क्लबातले काका लोक प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी ऐकवतातच :) ) मुद्द्याचा फरक एकच. घरातला रेडिओ फक्त ऐकतो, हॅमचा बोलतोसुद्धा. पुढचं सगळं रामायण या बोलण्यावरून आहे.

भारतात हे वेड १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात सुरू झालं. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले परवानाधारक मानले जातात. गंमत म्हणजे आपल्याकडचं पहिलंवहिलं प्रसारणही सरकारने केलेलं नाही. १९२३ साली मुंबई आणि कलकत्त्याच्या रेडिओ क्लबांनी आपापले कार्यक्रम हवेत सोडले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं ते १९२७ मध्ये, आणि आकाशवाणी तर त्याच्याही नंतरची. म्हणजे आधी हौशी मंडळी, मग कंपनी, मग सरकार. (ओपन सोर्सवाल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.)

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि सरकारने हौशी परवाने बंद करून टाकले. ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करा, असा हुकूम निघाला. सरकारच्या जागी बसून बघितलं तर यात नवल नाही. बोलू शकणारा रेडिओ कुणाच्या घरात आहे आणि तो कुणाशी बोलतो, याची धास्ती युद्धात वाटणारच. पण यंत्र जप्त करता येतं, ते बांधायची अक्कल नाही. तीन वर्षांनी नेमकं तेच आडवं आलं.

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा विल्सन कॉलेजात शिकलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. ट्रान्समीटरचं काम ज्याच्याकडून करून घेतलं तो नरिमन प्रिंटर म्हणजे एक हॅमच, परवाना गेलेला! केंद्राचा पत्ता अर्थातच जाहीर नव्हता. 'भारतात कुठूनतरी, ४२.३४ मीटरवर' एवढंच श्रोत्यांना सांगितलं जाई.

हा आकडा वाचला आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. तीनशेला ४२.३४ ने भागा, उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना ४० मीटरचा जो बँड दिलेला आहे तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा. म्हणजे ज्या पट्ट्यावर आमचे काका सकाळी चहा पिता पिता नागपूर-बंगळूरला हवापाणी विचारतात, त्याच पट्ट्यावर तेव्हा राजद्रोह चालला होता! या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब उतरतात. एवढ्याशा यंत्राचा आवाज मुंबईबाहेर कसा जाई, त्याचं कारण हे.

तीन महिनेसुद्धा न टिकलेल्या या केंद्राची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागली, कारण पोलिसांच्या शोधगाड्या मागावर होत्या. दिशा दाखवणारा अँटेना फिरवायचा, सिग्नल जोरात येईल तिकडे नकाशावर रेघ मारायची, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ, आणि छेदबिंदूपाशी ट्रान्समीटर. आमच्या क्लबात हाच प्रकार खेळ म्हणून चालतो, नाव 'फॉक्स हंट'. कुणीतरी झुडपात छोटा ट्रान्समीटर लपवतो आणि शाळकरी पोरं अँटेना घेऊन हुंदडत सुटतात. मला मात्र तो खेळताना दर वेळी गिरगाव आठवतं. अखेर पोलिस नुसत्या अँटेनाच्या जिवावर पोचले नाहीत. तंत्रज्ञ फितूर झाला. १२ नोव्हेंबरला धाड पडली, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ मध्ये येरवड्यातून सुटल्या. (२०२४ मध्ये यावर हिंदी सिनेमाही आला.)

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, पण सरकारच्या मनातली ती जुनी धास्ती पुरती गेली असं म्हणवत नाही. परकी सरकार जाऊन आपलं आलं, तरी बोलणारं यंत्र ते बोलणारंच. अंदमानचंच घ्या. जागा लष्करीदृष्ट्या नाजूक, त्यामुळे १९८७ नंतर तिथे हॅमना मज्जाव. दिल्लीच्या भारती प्रसाद वर्षानुवर्षं परवानगीसाठी खेटे घालत होत्या. ती मिळाली २००४ च्या शेवटी. कारण काय, तर निव्वळ छंद! दुर्मिळ ठिकाणाहून बोललं की जगभरच्या हॅमची संपर्कासाठी झुंबड उडते, तेवढ्यासाठी ही मोहीम.

२६ डिसेंबरच्या सकाळी त्या पोर्ट ब्लेअरमध्ये रेडिओसमोरच होत्या. भूकंप, मागोमाग त्सुनामी. फोन गेले. छंदासाठी नेलेलं सामान तासाभरात बेटांचा बाहेरच्या जगाशी दुवा झालं. पुढे त्यांच्या पथकातले लोक कार निकोबारलाही गेले. कोण जिवंत आहे, कोण कुठल्या छावणीत आहे, ही विचारपूस आणि मदतकार्याचे निरोप हॅम मंडळींनी पोचवले. सतरा वर्षं जे नको होतं, तेच आता प्रशासनाला हवं होतं.

परवानगीचा कागद महिनाभर उशिरा निघाला असता तर? पोर्ट ब्लेअरमध्ये ना ते सामान असतं, ना ते चालवणारी माणसं.

म्हणून आमच्या क्लबाचा सर्वांत कंटाळवाणा कार्यक्रम मला हल्ली सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आठवड्याची 'नेट'. ठरल्या वेळी एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक करून हजेरी लावतात. बातमी काही नसतेच. मग सरावाचे निरोप पाठवायचे. गावाचं नाव अक्षर-अक्षर फोडून सांगायचं, ऐकणाऱ्याने ते परत वाचून दाखवायचं, आकडे दोनदा. पावसाळ्यात एका डोंगरातल्या शर्यतीला आम्ही पाण्याच्या ठाण्यांवर हँडसेट घेऊन उभे होतो. मोबाईलला रेंज नव्हती. दिवसभरातला सर्वांत गंभीर निरोप काय, तर "तीन नंबरवर केळी संपली." तोही सूत्रधार बाईंनी शिस्तीत परत वाचून घेतला, वेळ टाकून वहीत लिहिला, आणि वीस मिनिटांनी केळी पोचली.