मोरारजी देसाई : मुंबई राज्याचे कठोर कारभारी



बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. म्हणजे ज्यांच्या नावाने आपल्या घराघरांत बोटे मोडली गेली, ते मोरारजी देसाई १९५२ पासून तोवर आपलेही मुख्यमंत्री होते. त्यांचे मूल्यमापन केवळ रागाने करून इतिहासाचे भागत नाही.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी बलसाडजवळील भदेली गावचा. १९१८ पासून बारा वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली, १९३० साली ती सोडून ते सत्याग्रहात उतरले. मला वाटते, त्यांच्यातील डेप्युटी कलेक्टर मात्र अखेरपर्यंत निवृत्त झाला नाही. हुकूम योग्य असला की तो अमलात आलाच पाहिजे. लोकांना तो रुचतो की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृह व महसूल ही खाती त्यांच्याकडे असतानाच १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. जुन्या वळणाचा म्हणून हिणवला गेलेला हा गृहस्थ कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचाही धनी होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १९५२ साली स्वतःच्या मतदारसंघात ते अवघ्या १९ मतांनी पडले. तरीही मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडेच आले!

पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर त्यांची व स. का. पाटील यांची सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, १५ माणसे गेली. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये होताच गोळीबाराचे सत्र पुन्हा सुरू झाले. मोरारजींनी हे मराठी द्वेषापोटी केले, असे आपण मानतो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द्वैभाषिकाविरुद्ध उठलेल्या अहमदाबादच्या गुजराती विद्यार्थ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. मोरारजींनी तेथे उपोषण मांडले, तर शहराने 'जनता कर्फ्यू' पाळून त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली. तेव्हा दोष भाषेचा कमी, स्वभावाचा अधिक. अर्थात एवढ्याने जबाबदारी हलकी होत नाही. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि १९५६ सालीच देशमुखांनी मंत्रिपद सोडले.