पनवेल
पनवेल : रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. लोकसंख्या १,०४,०३१ (२००१), १,८०,०२० (२०११). मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हार्बर मार्गाने सु. ४९ किमी. अंतरावर, गाढी नदीकाठी वसले आहे. नगरपालिकेची स्थापना १८५२ ची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका होऊन खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग हद्दीत आला. जुने पनवेल मात्र वडाळे, देवाळे, विश्राळे, कृष्णाळे या तळ्यांभोवतीचेच.

गावाची भरभराट वाटेवरची. बोरघाटातून पुण्याचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदरी उतरून पुढे गाडीने घाट चढत असे. येथील बैलगाडीच्या चाकांना घाटावरून मोठी मागणी होती. १८६३ मध्ये रेल्वेने कल्याण–कर्जतमार्गे घाट ओलांडला आणि वाहतूक तिकडे वळली. पनवेलला रेल्वे आली ती १९६४ मध्ये, दिवा स्थानकाहून. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी याच तालुक्यात झाले.

तालुक्यातील सर्वांत पाहण्याजोगे स्थळ कर्नाळा. गोवा महामार्गावर शहरापासून सु. १२ किमी. असलेला हा किल्ला त्याच्या अंगठ्यासारख्या बेसाल्ट सुळक्यामुळे लांबूनच ओळखू येतो. यादव, गुजरातचे सुलतान, निजामशाही व पोर्तुगीज अशा अनेकांच्या ताब्यात तो गेला. शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता. १६७० मध्ये परत घेतला. पुढे पेशवाईत येऊन १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने जिंकला. गडावर एक मराठी व एक फार्सी शिलालेख आहे. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी व कोठारे आहेत. वर कपारीत आग्या मोहोळे लोंबतात, म्हणून येथे आरडाओरड व धूर कटाक्षाने टाळावा.

किल्ल्याभोवतीचे पक्षी अभयारण्य १९६८ चे. आरंभीचे क्षेत्र ४.४८ चौ. किमी. होते, ते पुढे १२.११ चौ. किमी. झाले. शामा, भृंगराज, स्वर्गीय नर्तक येथे दिसतात. पावसाच्या तोंडाला तिबोटी खंड्या येतो : चिमणीएवढा, पिवळ्या पोटाचा, लाल चोचीचा. ओहोळाच्या मातीच्या काठात बीळ कोरून तो अंडी घालतो आणि पिलांना पाली, बेडूक आणून भरवतो. महामार्ग अभयारण्याच्या पोटातून जातो, ही या रानाची मोठी दुखरी बाजू. पक्षी ऐकायचे तर पहाटेच, वाहने वाढण्यापूर्वी आत शिरावे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी हिवाळा योग्य.

पनवेलहून कर्नाळ्याला जाताना वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचे हे जन्मगाव. त्यांचे घर जपले असून कर्नाळ्यास जाणाऱ्याने ते चुकवू नये. पुढे तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. पूर्वेस प्रबळगड व कलावंतीण दुर्ग असून कलावंतिणीच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या पावसात धोक्याच्या असतात.

शहरात विरूपाक्ष व बल्लाळेश्वर ही मंदिरे, तसेच बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग (१८४९) आहे. आगरी, कोळी, कराडी, ठाकूर व कातकरी हे तालुक्यातील प्रमुख समाज. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत) लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरतात. पाल्यानेच तोंड बंद करून मडके उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्याच्या वाफेवरच सारे शिजते आणि त्याचा उग्र वास शेंगांत उतरतो. पाहुण्याला खानावळीत ही चव मिळणार नाही, शेतावर ओळख काढावी.

भात, मीठ व मासळी यांचा व्यापार जुना. आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ पासूनचा. तळोजे येथे औद्योगिक वसाहत आहे.